सून घ्या

आमच्या माळ्यावर एक खोकं आहे. त्यात चार मिनी डीव्ही कॅसेटी, सतरा कोल्हापुरी पायताणं आणि माझी 2006 सालची अब्रू आहे. सतरा जोड नव्हेत, सतरा पायताणं. दर दिवाळीच्या साफसफाईत बायको ते खोकं खाली काढते, मी परत वर ठेवतो आणि त्या विषयावर दोघंही बोलत नाही. यंदा पोरानं विचारलं, "बाबा, विषम संख्या कशी काय?" म्हणून सांगायची वेळ आली.

तर मी एकदा केबल टीव्हीवर विनोदी कार्यक्रम काढला होता. 'काढला' हाच शब्द बरोबर. कर्ज काढतात, वरात काढतात, त्यातला.

त्या वेळी मी एका सहकारी बँकेत कारकून होतो. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या जुळतात का बघायच्या आणि संध्याकाळी हौशी नाटकाच्या तालमीला जायचं. कोल्हापुरात 'तालमीला जातो' म्हटलं की लोक आधी दंड बघतात. माझे बघितले की स्वतःच समजून घेत, "नाटकाच्या व्हय?" एका एकांकिका स्पर्धेत मला लेखनाचं उत्तेजनार्थ मिळालं. या बक्षिसाचा दोष एवढाच, की त्यानं माणूस खरोखर उत्तेजित होतो.

शिवाय लहानपणीचा एक रोग अंगात होता. सुट्टीत गिरगावात मावशीकडं गेलो की मुंबई दूरदर्शनवर विनायक चासकरांचा 'गजरा' बघायला मिळायचा. छोटी छोटी प्रहसनं, एकामागं एक ओवलेली. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, मी त्याच्याहून तीन वर्षांनी मोठा. पण मावशीच्या चाळीतली सगळी बिऱ्हाडं त्या एका डब्यापुढं बसून एकदम हसताना बघितली आणि ठरवलं, की मोठेपणी आपणही असा एक गजरा करायचा. मोठा झालो तेव्हा फुलं कुठं मिळतात याची चौकशी करायची राहिली. 'चला हवा येऊ द्या' आलं 2014 ला, 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' 2018 ला. मी 2006 ला. म्हणजे मी काळाच्या पुढं होतो. बायको म्हणते, "काळाच्या नव्हे, गाडीच्या पुढं होता."

पैसे बँकेच्याच कर्मचारी सोसायटीतून काढले. चाळीस हजार. कारणाच्या रकान्यात 'विनोदी कार्यक्रमाची निर्मिती' लिहायचं धाडस झालं नाही, म्हणून 'किरकोळ घरदुरुस्ती' लिहिलं. हे वाक्य लक्षात ठेवा, त्या पावसाळ्यात आमच्या स्वयंपाकघराच्या कौलांनी ते लक्षात ठेवलं होतं.

केबलच्या मालकांना सगळं गाव अण्णा म्हणायचं. त्यांच्या वाहिनीवर बातम्या, गणपतीची मिरवणूक, शाहू स्टेडियमवरच्या फुटबॉलच्या मॅचेस आणि उरलेल्या वेळात फर्निचरच्या सेलच्या जाहिराती लागत. रविवारी सकाळी अकराचा अर्धा तास त्यांनी मला भाड्यानं दिला. अकराची वेळ इतकी स्वस्त का, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. रविवारी सकाळी कोल्हापूर मटणाच्या दुकानापुढं उभं असतं आणि अकराला ते मटण घेऊन घरी येतं. त्यानंतर दोन तास या शहरात कुणाला हसवणं म्हणजे पूजेला बसलेल्याला गुदगुल्या करणं.

अण्णांची अट एकच होती. "साहेब, हसवा, पण कुणाला हसू नका."

संहिता घेऊन त्यांच्यापुढं बसलो. शिवाजी पेठेवरचं स्किट? "नको, केबल तोडतील." मग मंगळवार पेठेवरचं? "ते डांबासकट तोडतील." फुटबॉलच्या दोन संघांचे पाठीराखे एकमेकांचे सोयरे होतात, असं एक होतं. अण्णांनी तो कागद नुसता उलटा करून ठेवला. महापालिका नको, पुतण्या उभा राहणार होता. साखर कारखाना नको, अण्णा सभासद. दूध संघ नको, मेहुणे संचालक. सहकारी बँक मीच काढून टाकली. उरले नवरा-बायको. त्यात स्त्री पात्र मिळेना, म्हणून सगळ्या स्किटमध्ये बायको माहेरी गेलेली दाखवायची ठरली. मग हसायचं कुणाला? शेवटी अण्णांनीच मार्ग काढला. "पुणेकर घाला की. पुणेकराला कोण काय म्हणत न्हाई." चारही भागांतल्या प्रत्येक स्किटमध्ये एक पुणेकर आहे, त्याचं कारण हे. माझा त्या शहरावर काही राग नाही. आपली प्रभात फिल्म कंपनी 1929 ला इथं निघाली आणि 1933 ला त्यांनी नेली, एवढंच.

शूटिंगच्या पहिल्या दिवशी आम्ही खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा मानस्तंभ आहे तिथं नारळ फोडला. याच भागात 1917 साली बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली. आनंदराव आणि बाबूराव या भावांनी परदेशी यंत्र बघून स्वतः कॅमेरा घडवायला घेतला. 1916 ला आनंदराव गेले, तरी बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि पुढं 1920 ला 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा गावात आम्हाला भाड्यानं आणलेला कॅमेरा चालू करायला पाऊण तास लागला. लेन्सचं झाकण काढलेलं नव्हतं. नारळ नासका निघाला. आप्पा, म्हणजे वडील, म्हणाले, "देवाला पोचला." मग थोडं थांबून म्हणाले, "तुझं बँकेत चुकलं तर सस्पेंड करतील. हितं चुकलं तर गाव नाव ठेवंल. सस्पेंड बरं."

कॅमेरा आणि कॅमेरामन दोन्ही लग्नाच्या शूटिंगमधले. माणूस सज्जन, हात स्थिर, पण बारा वर्षांच्या सवयीनं त्याचा कॅमेरा बोलणाऱ्या माणसावर थांबत नसे. तो सावकाश फिरत जाई, हजर असलेल्या प्रत्येकाचं तोंड एकदा घेई, जेवण असेल तर ताटावर रेंगाळे आणि कुठं सोनं दिसलं की तिथं घट्ट बसे. "दागिने आले नाहीत तर पार्टी पैसे देत नाही," असं त्याचं शास्त्र होतं. त्याच्याबरोबर हॅलोजन धरणारा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा असायचा. त्याच्याकडं बघून मी विनोदाची परीक्षा घ्यायचो. तो हसला तर गाव हसेल, असा माझा हिशेब. चार महिने तो पोरगा हसला नाही. दिवाही हलला नाही.

नट मिळाले गणेशोत्सवातल्या सजीव देखाव्यांतून. आमच्याकडं या देखाव्यांची मोठी परंपरा. पण त्यांतला अभिनय वेगळा असतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिथं संवाद आधी रेकॉर्ड केलेले असतात, ते कर्ण्यावरून वाजतात आणि नट फक्त ओठ हलवून मोठमोठे हातवारे करतात. आमचा मुख्य नट सात वर्षं व्यसनमुक्तीच्या देखाव्यात दारुडा होता. रात्री दर पंधरा मिनिटांनी मरायचा आणि नवी गर्दी आली की उठून परत झिंगायचा. मी "ॲक्शन" म्हटलं. त्यानं छातीवर हात मारला, डोळे फिरवले, ओठ भराभर हलवले. आवाज नाही. मी म्हटलं, "अरे, बोल की." तो गोंधळून म्हणाला, "कॅसेट लावा की." आवाज यायला दोन दिवस गेले. आवाज आला तर दुसरी अडचण: स्किट संपलं की तो क्षणभर पडून राहायचा आणि उठून पहिल्या वाक्यापासून परत सुरू व्हायचा. पुणेकर म्हणून त्याला उभा केला तरी तो झिंगतच आत यायचा.

प्रायोजक मिळाला तो चपलांच्या दुकानाचा मालक. रोख देणार नाही म्हणाला, माल देतो. नऊ जोड दिले, सगळे नऊ नंबर. माझा पाय सातचा. बदल्यात प्रत्येक पात्रानं त्याच्याच चपला घालायच्या. आता अस्सल कोल्हापुरी चप्पल वाजते. ती करकर हीच तिची ऐट. पाव्हणा दिसायच्या आधी ऐकू यायला पाहिजे. माईक एकच होता, कॅमेऱ्यावर बसवलेला. पहिल्या भागात तुम्हाला संवाद ऐकू येत नाहीत, पण कोण कुठून कुठं चाललंय ते डोळे मिटूनही कळतं. 2025 ला प्राडानं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला चालवल्या आणि कोल्हापूरचं नावच घेतलं नाही, तेव्हा गावभर संताप झाला, पुढं त्यांनी ते मान्यही केलं. मला मात्र पहिल्यांदा एवढंच वाटलं, की यांनाही कुणीतरी पैशाऐवजी माल दिलेला दिसतोय.

एक प्रसंग मात्र आम्ही जीव ओतून केला होता. पुणेकर मिसळ खायला येतो. पाव मागतो, मालक ब्रेडच्या स्लाइस पुढं ठेवतो, तो म्हणतो, "ही मिसळ नव्हे." मालक काही न बोलता वरून कटाची वाटी ओततो. शूटिंग एका खऱ्या मिसळीच्या हॉटेलात, सकाळी सहाला, गिऱ्हाईक यायच्या आत. मिसळ खरी, कट खरा. रीटेक अकरा. चौथ्या रीटेकला नटाचे कान लाल झाले. सहाव्याला त्याला उचकी लागली. आठव्याला त्यानं चमचा खाली ठेवला, समोर बघितलं आणि त्याच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहायला लागलं. तोंड किंचित उघडं, जीभ बाहेर यावी की आत राहावी या विचारात, आणि तरीही मान ताठ, 'ही मिसळ नव्हे' या मतावर ठाम. मी आयुष्यात बघितलेला तो सगळ्यात विनोदी चेहरा. श्वास रोखून मी कॅमेऱ्याकडं बघितलं. कॅमेरा हॉटेलमालकाच्या बायकोच्या पाटल्यांवर होता.

मग हशाचा प्रश्न आला. अमेरिकेत 1950 च्या दशकात चार्ली डग्लस नावाच्या ध्वनी अभियंत्यानं हशाचं यंत्रच केलं होतं. कळ दाबली की पाहिजे तसं हसू. आमच्याकडं यंत्र कुठलं? पण रंकाळ्यावर रोज सकाळी हास्यक्लब भरायचा. डॉ. मदन कटारियांनी 1995 ला मुंबईत ही चळवळ सुरू केली आणि दहा वर्षांत ती आमच्या तळ्यापर्यंत पोचली होती. पन्नास माणसं, फुकट, रोज हसणारी! टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि अर्धा तास हसू भरून आणलं. घाईत ऐकून बघितलं नाही. हास्यक्लबात लोक हसत नाहीत, हसण्याचा व्यायाम करतात. त्यामुळं आमच्या प्रत्येक विनोदानंतर आधी दोन टाळ्या, मग पन्नास जण एका सुरात "हो हो, हा हा हा", आणि मागून एका निवृत्त गृहस्थाचा खणखणीत आवाज: "आता हात वर! श्वास सोडा!" विनोद चुकला तरी श्वास मात्र दर वेळी सुटायचा.

जोडकाम, ज्याला लग्नाच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात, तेही लग्नवाल्याकडंच. त्या वर्षी भारनियमन जोरात होतं. रात्रभर रेंडरिंगला लावायचं आणि पहाटे वीज जायची की सगळं पहिल्यापासून. इंग्लंडातल्या मॉन्टी पायथनवाल्यांनी स्किटला शेवट पाहिजेच असं नाही, हे 1969 ला दाखवून दिलं. आमच्या तिसऱ्या भागातल्या दोन स्किटना शेवट नाही तो वीज मंडळाच्या कृपेनं. एक स्किट संपून दुसरं सुरू होताना मिक्सिंगवाल्यानं लाल बदाम टाकला होता. बदाम फुटतो, गुलाबाच्या पाकळ्या उडतात, मागं सनई. मी म्हटलं, "अहो, हे काय?" तो म्हणाला, "कॉम्प्युटरात एवढंच हाय."

पण खरा घोटाळा पाटीत झाला. कार्यक्रमाचं नाव मी 'हसून घ्या' ठेवलं होतं. पडद्यावर डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत मोठ्या पिवळ्या अक्षरांत. कॉम्प्युटरवर झकास दिसलं. त्या वेळच्या डबा टीव्हीत चित्राच्या चारी कडा थोड्या चौकटीमागं जात. म्हणून पाटी नेहमी आत, जागा सोडून करायची, हे या धंद्यातलं पहिलीचं ज्ञान. ते मला नव्हतं. रविवारी अकराला सगळे घरात टीव्हीपुढं बसलो. सनई वाजली, बदाम फुटला, पाकळ्या उडाल्या आणि 'ह' चौकटीमागं ठेवून पाटी आली:

सून घ्या.

खाली माझा फोन नंबर. त्याच्या आधी 'जाहिरातीसाठी' असं होतं, तेही कापलं गेलं होतं. नुसतं 'संपर्क'.

अकरा वाजून चार मिनिटांनी पहिला फोन.

"नमस्कार. सून घ्या न्हवं?"

"हसून घ्या."

"हसतोय की. मुलगी कुठली?"

संध्याकाळपर्यंत एकतीस फोन आले. एकोणतीस मुलामुलींच्या आईवडिलांचे, एक राँग नंबर आणि एक पलीकडच्या खोलीतून आप्पांचा, फोन चालू आहे का बघायला. एका बाईंनी फार तळमळीनं विचारलं, "ते रडत होतं ते पोरगं पयल्या बायकोच्या आठवणीनं का?" मिसळीचा प्रसंग लोकांपर्यंत पोचला होता, एवढंच समाधान.

दुसऱ्या भागाला मी पाटी दुरुस्त करायला लावली. मिक्सिंगवाल्यानं ती तशीच्या तशी उजवीकडं सरकवली. आता 'ह' दिसला, 'घ्या' गेला. नुसतं 'हसून'. त्या रविवारी एकही फोन आला नाही. सोमवारी अण्णांचा आला. "साहेब, कशाला बदललं? पयलंच ठेवा. मला एक मंगल कार्यालय, एक बँडवाला आणि एक आचारी मिळालाय जाहिरातीला." निर्माता म्हणून माझ्या आयुष्यातला हा एकमेव व्यावसायिक सल्ला, आणि तो मी मानला. तिसऱ्या भागापासून आम्ही अधिकृतरीत्या 'सून घ्या' झालो. पुणेकराला मधेच लग्नाचा मुलगा केला. आठवड्याला फोन पन्नासावर गेले. बायको वही घेऊन बसायची: नाव, शिक्षण, उंची, अपेक्षा. विनोदाकडं कुणाचं लक्ष नव्हतं, त्यामुळं पहिल्यांदाच सगळं सुरळीत चाललं होतं.

चौथा भाग आला ऐन पावसात. आदल्या वर्षीच्या, 2005 च्या पुरानं गाव पोळलेलं. पावसाळ्यात कोल्हापूर केबल बघतं ते एकाच कारणासाठी: खालच्या पट्टीवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पळते. एकोणचाळीस फूट इशारा, त्रेचाळीस धोका. हे आकडे इथल्या पोराला पाढ्यांच्या आधी येतात. त्या रविवारी आधी एकच पट्टी होती. दहा मिनिटांत तिच्यावर दुसरी आली, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले त्याची. मग तिसरी: केर्लीजवळ पाणी, रत्नागिरी रस्ता बंद. शिये-बावडा रस्ता बंद. मग डाव्या बाजूला आचाऱ्याची उभी जाहिरात. मधे उरली पोस्टकार्डाएवढी जागा, त्यात आमच्या पुणेकराचं नाक ते हनुवटी. आमच्या घरात त्याच वेळी स्वयंपाकघराच्या छतातून, जिथं किरकोळ घरदुरुस्ती व्हायची होती, तिथून पाणी पातेल्यात पडत होतं. बायकोनं पातेल्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "अहो, आपली पातळी किती लिहू?"

फोन वाजला. वयस्कर आवाज, काकुळतीला आलेला.

"साहेब, तुमचं ते मधलं चित्र जरा बारीक करा की. पट्टी नीट दिसंना झालीया."

पुढच्या रविवारी अकराला पुराचं थेट चित्रण लागलं. त्याच्या पुढच्याही. पाणी ओसरलं, आमचा अर्धा तास परत आला नाही. अण्णा म्हणाले, "साहेब, खरं सांगू का? पाण्याला टीआरपी हाय."

पण बायकोच्या वहीतलं एक लग्न जमलं. मुलगा उद्यमनगरात लेथवर, मुलगी निपाणीची. तुळशीच्या लग्नानंतर आम्हाला मानाचं आमंत्रण आलं. मी प्रायोजकाच्या नऊ नंबरी चपला घालून गेलो. चालताना पाय एक पाऊल पुढं आणि चप्पल एक पाऊल मागं. मुलाच्या वडिलांनी फेटा बांधला आणि पाव्हण्यांना ओळख करून दिली, "हे सून घ्याचे मालक." कॅमेरामन आमचाच. हॅलोजनवाला पोरगाही तोच, तसाच गंभीर.

जेवून बाहेर आलो तर एकच चप्पल. उजवी. डावी गायब. नवऱ्याच्या चपला त्याच दुकानातल्या, त्याच नंबराच्या. करवल्यांनी अंधारात माझी उचलली होती. जोडे लपवायची ही चाल आपली नव्हे, 1994 च्या 'हम आपके हैं कौन'नं आणलेली, हे मी त्यांना समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "पाचशे एक." मी म्हटलं, "अहो, मी नवरदेव नाही. निर्माता आहे." त्या म्हणाल्या, "मग हजार एक." खिशात सोसायटीच्या हप्त्याची पावती सोडून काही नव्हतं. शेवटी फेटा सावरला, एक पाय चपलेत, एक अनवाणी, आणि करकर, मग शांतता, मग करकर, असा मांडवातून बाहेर निघालो.

मागून विचित्र आवाज आला. वळून बघितलं तर मांडवभर उजेड हलत होता. हॅलोजनवाला पोरगा हसत होता. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, दिवा हातात धरवत नव्हता एवढा. मी कॅमेऱ्याकडं बघितलं. तो नवरीच्या आत्याच्या पाटल्यांवर होता.